मांडवामागचे डिंकसर

आमच्या डिंकसरांनी आयुष्यात शेकडो लग्नं जेवली, पण त्यांनी एकही नवरदेव धड पाहिला असेल असं मला वाटत नाही. मांडवात शिरायचं, हातातल्या अक्षता शेजारी जो कुणी दिसेल त्याच्या मुठीत कोंबायच्या, "माझ्या वाटच्या तुम्हीच टाका," म्हणायचं, आणि कनात वर करून थेट मागे. मागे चुली पेटलेल्या, धूर कोंडलेला, आचारी घामाने निथळत असलेले. त्या धुरात उभे राहून सर चष्मा पुसत विचारायचे, "काय मंडळी, जेवलात का?" आचारी बुचकळ्यात पडायचे. मुलाकडचा म्हणावा तर हा माणूस भांडत नाही, मुलीकडचा म्हणावा तर भाजी पुरेल का म्हणून विचारत नाही. आमच्या एका मैत्रिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये सर एकाही फोटोत नाहीत. व्हिडिओत मात्र आहेत, पंगतीच्या टोकाला, वरणाची बादली घेऊन.

सरांचं खरं नाव सांगून उपयोग नाही, कारण धाराशिवात ते कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. तरुणपणी त्यांनी मेंदूतल्या ग्लिया नावाच्या पेशींवर पीएचडी केली आणि त्यानंतर दुसऱ्या कशात त्यांचा जीव रमल्याचं ऐकिवात नाही. ग्लिया म्हणजे ग्रीक भाषेत डिंक. जुन्या शास्त्रज्ञांना वाटलं, मेंदूत खरं काम करणाऱ्या पेशी न्यूरॉन, आणि ह्या बाकीच्या नुसत्या त्यांना चिकटवून ठेवायला. हा अपमान सरांनी मनाला लावून घेतला होता. दरवर्षी पहिल्या तासाला ते खिशातून बाभळीच्या डिंकाचा खडा काढून वर्गात फिरवायचे आणि म्हणायचे, "ह्या पेशींना लोकांनी हे नाव ठेवलं. आता वर्षभर बघा, नाव ठेवणाऱ्यांनी काय शेण खाल्लं." एका वर्षी तो खडा मागच्या बाकापर्यंत पोचलाच नाही, मध्येच कुणीतरी खाऊन टाकला. सर म्हणाले, "असू द्या. कमरेला चांगला असतो." त्या दिवसापासून ते डिंकसर झाले.

शिकवताना त्यांची भाषा पुस्तकातून निघायची आणि पाचव्या मिनिटाला अणदूरला, म्हणजे त्यांच्या गावाला पोचायची. "न्यूरॉन म्हणजे नवरदेव," ते म्हणायचे. "नटलाय, घोड्यावर बसलाय, समदी त्याच्याकडंच बघायलीत. पर त्याला खायला कोण घालतंय? ही ताऱ्यासारखी ग्लिया. एक पाय रक्ताच्या नळीवर, दुसरा नवरदेवाच्या अंगाला. रक्तातली साखर ही घेती, फोडती, तिचं लॅक्टेट करती आणि त्याच्या तोंडात घालती. आणि नवरदेव जेवून उठला की त्यानं सांडलेलं ग्लुटामेट कोण गोळा करतंय? हीच. उष्टी काढायची, धुवायची, पुन्हा वाढायला ठिवायची. एन्झाइम म्हणजे ह्या बाईचे हात. आपलं काम एवढंच, तिचे हात किती भरभर चालतात ते मोजायचं."

एकदा एका आगाऊ मुलाने मोबाइलमध्ये वाचून सांगितलं की सर, काही शास्त्रज्ञांच्या मते न्यूरॉन स्वतःसुद्धा साखर खातो, यावर अजून वाद आहे. सर अजिबात चिडले नाहीत. "खात असंल की," ते म्हणाले. "पर लग्नघरात नवरदेव चुलीपाशी बसून स्वतःच्या पोळ्या लाटतोय, असं म्या तरी अजून बघितलं न्हाय."

माझं आणि सरांचं जमलं ते असं. मी येडशीची, घर लिंगायतांचं, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडिलांचं किराणा दुकान. एमएस्सी झाल्यावर पीएचडी करायची म्हणून मी सरांकडे गेले. माझे गुण, माझं प्रमाणपत्र, काही बघितलं नाही. म्हणाले, "उमा, घरी जेवणं झाल्यावर ताटं कोण उचलतं?" मी म्हटलं, "मी आणि आई." "मग जमंल तुला," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य असं टाकलं की माझ्या पायाखालची फरशी हलली. "आपल्याला बोकडाचा ताजा मेंदू लागतो. उस्मानाबादी बोकड. जगात ह्या शेळीचं नाव हाय, पर तिच्या डोक्यात काय चालतंय हे आजवर कुणी इचारलेलं न्हाय."

आमच्या घरात अंड्याचा केक आला तर तो दुकानाच्या पायरीवर बसून खावा लागायचा. आई म्हणाली, "गळ्यात लिंग आणि हातात भेजा? जमायचं न्हाय." वडील गल्ल्यावर बसून नुसते मान हलवत राहिले, आमच्याकडे तोच अंतिम निकाल असतो. मी रडत सरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सर बसने येडशीला हजर. वडिलांनी खुर्ची दिली, सुपारी पुढे केली. सर बसलेच नाहीत. चप्पल काढली आणि थेट आत, स्वयंपाकघराच्या दारात. परका पुरुष चुलीपर्यंत आलेला पाहून आईने पदर सावरला, हातातलं उलथनं मात्र खाली ठेवलं नाही.

"वहिनी," सर म्हणाले, "जेवलात का?"

दुपार कलली होती. घरातले सगळे जेवून झोपून उठले होते. आईने उलथनं खाली ठेवलं. म्हणाली, "न्हाय अजून. ह्यांचा चहा झाला की बसणार हाय." सर म्हणाले, "मग जेवा आधी. मी बाहेर बसतो. घाई न्हाय." आणि खरंच बाहेर जाऊन, आई जेवून हात धुवेपर्यंत, वडिलांशी तुरीच्या भावावर बोलत बसले. माझ्या पीएचडीचा विषय त्यांनी काढलाच नाही. ते गेल्यावर आईने अंगणात नळाशेजारी एक खिळा ठोकला आणि म्हणाली, "ती कॉलेजची पिशवी हितं लावायची. आंघूळ केल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाय. बाकी काय कर ते कर." माझ्या संशोधनाला विद्यापीठाच्या आधी ही मान्यता मिळाली, आणि खरं सांगायचं तर तीच अवघड होती.

मग सुरू झाली आमची थर्मास घेऊन धावपळ. बोकड कापला की मेंदू लगेच बर्फात गेला पाहिजे, नाहीतर त्या एन्झाइमांचे हात गळून पडतात. सर स्कूटरवर, मी मागे, मांडीवर बर्फ भरलेला निळा थर्मास. वाटेत कुणी हात केला तरी सर थांबत नसत, आणि धाराशिवसारख्या गावात हात केल्यावर न थांबणं म्हणजे वैर घेणं. कोर्टासमोरचे एक वकील सरांशी वर्षभर बोलले नाहीत. एकदा मी मागे नव्हते, तर आमचे प्राचार्य भररस्त्यात स्कूटरला आडवे आले आणि हक्काने मागे बसले. सर म्हणाले, "बसा, पर हे मांडीवर धरा." ऊन होतं, प्राचार्य दमलेले होते, थर्मासात गार ताक असावं असा त्यांनी समज करून घेतला. झाकण उघडल्यावर जे दिसलं त्याने ते चालत्या स्कूटरवरून उतरले. कसे उतरले ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. सरांना फक्त झाकणाची काळजी. "लावलं का परत?" त्यांनी मागे वळून विचारलं.

ह्या सगळ्यात एक माणूस सरांवर कायम नाराज असायचा, तो म्हणजे सरांच्या पत्नी, आमच्या काकू. सर जगाला "जेवलात का" विचारत फिरायचे आणि काकू घरी ताट झाकून वाट बघत बसायच्या. मी एकदा त्यांच्या घरी गेले तर दिवेलागण झालेली, काकू दारात उभ्या. म्हणाल्या, "तुझे सर मेंदूतल्या ग्लियाची चौकशी करत हिंडतेत. घरातली ग्लिया दुपारपासून उपाशी हाय, हे सांग त्यान्ला." सर पाठोपाठ आलेच. त्यांनी ते ऐकलं आणि अगदी मनापासून गोंधळून म्हणाले, "अगं, तुला काय विचारायचं? तू काय परकी हायस का?" काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मला हसावं की काय करावं ते कळेना.

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि सर निवृत्त व्हायचं वर्ष उजाडलं. ऑगस्टअखेर त्यांचा शेवटचा दिवस. सरांना त्याचं काही वाटत नव्हतं. "आमच्या अणदूरचा खंडोबासुद्धा वर्षातले काही महिने नळदुर्गाला राहायला जातो," ते म्हणायचे. "देवाची बदली होती, मी कोण लागून गेलो?" पण मला वाटत होतं. सर गेले की ग्लियाचं काही कळणारा मार्गदर्शक जिल्ह्यात दुसरा नव्हता. प्रयोगशाळेला कुलूप लागणार आणि मला माशांच्या पोटातल्या जंतांवर काम करणाऱ्या एका मार्गदर्शकांकडे पाठवणार, हे ठरल्यात जमा होतं. म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि तेही जंत. आणि नेमकं विद्यापीठाच्या समितीने सांगितलं, बाकी प्रबंध ठीक आहे, मात्र ताज्या मेंदूवर एन्झाइमचं मोजमाप पुन्हा एकदा करून दाखवा. एकच चांगला संच हवा होता. तेवढा मिळाला की सर असतानाच सही होऊन प्रबंध जाणार होता.

त्यात श्रावण लागला. आमचे खाटीक रज्जाकचाचा म्हणाले, "श्रावण में कौन खाता जी? अब इतवार के इतवार काटेंगे." म्हणजे आठवड्याला एकच संधी. त्यातच सरांचा गुडघा धरला आणि स्कूटर अंगणात उभी राहिली. मग थर्मास घेऊन रिक्षाने मी एकटीच जायला लागले. चाचांना माझी फार काळजी. लिंगायतांची मुलगी, श्रावणाचे दिवस, आणि ही बिचारी खाटकाच्या दारात! "बेटी, ये सब देखने का नै," म्हणून ते मला शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात स्टुलावर बसवायचे, माझ्या हातातला थर्मास घेऊन आत जायचे आणि थोड्या वेळाने झाकण घट्ट लावून आणून द्यायचे. वर म्हणायचे, "एकदम साफ करके दियाऊँ. बेफिकर ले जा."

मी बेफिकीर घेऊन गेले. मेंदू बारीक केला, जाळीच्या कापडातून गाळला, ग्लिया वेगळ्या काढल्या, यंत्रात ठेवल्या. एन्झाइम काम करत असेल तर पडद्यावरचा आकडा हळूहळू खाली उतरायला हवा. आकडा ढिम्म. म्हशीसारखा बसून राहिला.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. सरांनी यंत्राचा दिवा बदलला. पाणी बदललं. रसायनांच्या बाटल्या नव्या आणल्या. माझ्या हातून काही चुकतंय का म्हणून लंगडत लंगडत शेजारी उभे राहून माझा प्रत्येक थेंब बघितला. शेवटी एक दिवस ते स्टुलावर बसले, गुडघा चोळत बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "उमा, असं तर न्हाय ना, की जन्मभर मीच चुकीचं मोजत आलो? बाई काय कामच करत न्हाय, आणि मी उगंच तिचं कौतुक करत हिंडलो?" सरांना मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला माझ्या प्रबंधाचं विसरायला झालं. मला एकदम त्या माणसाची फार दया आली, आणि त्या आकड्याचा राग.

निवृत्तीला थोडे दिवस उरले होते आणि श्रावणातला आमच्या वाट्याचा शेवटचा रविवार आला. सर म्हणाले, "आज मीबी येतो. मोजायला न्हाय. चाचाचा निरोप घ्यायला." आम्ही रिक्षाने गेलो. चाचांनी मला नेहमीप्रमाणे बांगड्यांच्या दुकानात बसवलं आणि सरांसाठी पुढे खुर्ची टाकली. पण सरांना पुढची खुर्ची कधी मानवली आहे? चाचा थर्मास घेऊन आत वळले, आणि सर लंगडत पाठोपाठ, दुकानाला वळसा घालून मागच्या दाराला. "काय चाचा, जेवलात का?"

पुढचं मला बांगड्यांच्या दुकानातून फक्त ऐकू आलं. आधी पातेल्यावरचं झाकण वाजलं. मग सरांचा आवाज, "हे काय हो चुलीवर?" मग चाचांचा, अभिमानाने भरलेला, "हल्दी का पानी, सर. नमक बी डाला. बेटी शुद्ध घर की है, श्रावण का महीना, कच्चा-गंदा कैसे देना? गरम पानी में घुमा के, झिल्ली निकाल के, धो के देताऊँ. बाद में आपके बरफ में डालताऊँ. पहले इतवार से!"

मी धावत मागे गेले. सर चुलीपाशी उभे होते. पातेल्यात हळदीचं पिवळं पाणी खदखदत होतं. मला वाटलं आता सर चाचांवर फुटणार. सर फुटले, पण हसण्याने. हसता हसता गुडघा दुखायला लागला म्हणून भिंतीला टेकले, तरी हसत राहिले. डोळे पुसत म्हणाले, "उमा, बाई काम करत न्हाय म्हणून रडत होतो. बाईला उकळून आणल्यावर ती काय काम करंल?" मग चाचांचा हात हातात घेतला. "चाचा, तुम्ही लई मोठं काम केलं. आता फक्त एवढं करा, आम्हाला ते गंदाच द्या." चाचांना काही कळलं नाही, फक्त आपण केलेली सेवा फुकट गेली एवढं कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सरांनी तिथेच उभ्या उभ्या त्यांना एन्झाइम समजावून सांगितलं. सगळं ऐकून चाचा म्हणाले, "तो अब?"

आता पुढचा रविवार सरांच्या निवृत्तीनंतर होता. चाचांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, शेवटच्या दिवशी सकाळी एका हॉटेलवाल्याचा बोकड कापायचा आहे, त्याचा मेंदू मिळेल. फक्त त्याच दिवशी कॉलेजात सरांचा निरोप समारंभ होता.

त्या निरोप समारंभाची आठवण आमच्या गावात अजून काढतात. सभागृह गच्च भरलेलं. मंचावर शाल, नारळ, हार, आणि मधोमध रिकामी खुर्ची. सभागृहाच्या मागच्या भिंतीला लागून आमची प्रयोगशाळा, तिथे सर पांढरा अॅप्रन घालून माझ्याशेजारी उभे. त्या दिवशी मेंदू हळदीविना आला होता. चाचा तो स्वतः सायकलवरून पोचवून गेले, बर्फ गळत होता. सगळं तयार झालं, नळी यंत्रात ठेवली, आणि आकडे नाचायला लागले. खाली नाही, वर नाही, नुसते नाचायला लागले. सभागृहातले सगळे पंखे, दिवे, ध्वनिक्षेपक आणि आमचं यंत्र एकाच तारेवर होते. यंत्राला वीज पुरेना. आणि ग्लिया तर मिनिटामिनिटाला म्हातारी होत होती.

सरांनी मला आत राहायला सांगितलं आणि दार उघडून थेट मंचाच्या मागून सभागृहात डोकावले. प्राचार्य, तेच थर्मासवाले, सरांच्या त्यागमय जीवनावर बोलत होते. सर पडद्यामागून म्हणाले, "साहेब, पंखे बंद करा. आणि माईकपण." प्राचार्यांनी मागे बघितलं. अॅप्रनवरचे डाग बघून त्यांनी तो थर्मास आठवला असावा, कारण त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, स्वतःच्या हाताने बटणं खाली केली. ऑगस्टातली ती उकाड्याची दुपार. सगळं सभागृह हातातल्या निमंत्रणपत्रिकांनी वारा घेत, घाम पुसत बसलं, आणि प्राचार्य सरांच्या त्यागावर बेंबीच्या देठापासून ओरडत राहिले.

इकडे आकडा स्थिर झाला. आणि मग उतरायला लागला. एक एक करत, सावकाश, पायरीपायरीने. मी वही पुढे ओढली. सर यंत्रावर वाकले होते. "बघ," ते हळूच म्हणाले, "हात चालायलेत बाईचे." त्यांच्या चष्म्यावर थेंब होता, तो घामाचा होता की कशाचा ते मी विचारलं नाही. आम्ही संच पूर्ण केला. मी आकडे लिहिले, सरांनी तिथल्या तिथे सही केली, आणि मग ते अॅप्रन न काढता मंचावर गेले, हार गळ्यात घालून घेतला. भाषण अपेक्षित होतं. सर घामाने भिजलेल्या लोकांकडे बघून म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी आज जे केलं ना, त्यालाच ग्लिया म्हणतात. मला जे शिकवायचं होतं ते झालं." आणि खुर्चीवर न बसता मागे, जिथे भजी तळत होते, तिकडे निघून गेले.

प्रबंध गेला, मान्य झाला, मी त्याच कॉलेजात नोकरीला लागले. प्रयोगशाळेला लागलेलं कुलूप माझ्याच हातून उघडलं गेलं. किल्ली देताना सर म्हणाले, "नवीन पोरगी आली की तिला पहिल्यांदा चाचाकडं न्यायचं. आणि मागच्या दारानं." मी नेते. चाचा आता थकलेत, त्यांच्या दुकानामागे चूल मात्र अजून आहे. दर वेळी ते मला तिच्यावरचं पातेलं उघडून दाखवतात, आत फक्त चहा असतो.

मागच्या वर्षी सर गेले. अणदूरला, झोपेतच. तेराव्याला मी आईला घेऊन गेले. घरासमोर मांडव, मांडवात खुर्चीवर सरांचा फोटो, हार, उदबत्ती, समोर अंथरलेल्या सतरंज्या. आणि सतरंज्यांवर माणूस नाही. मी मांडवाच्या तोंडाशीच थांबले. एवढी पिढ्यान्‌पिढ्यांची मुलं शिकवली, आणि कुणी आलं नाही?

मग घरामागून गलका ऐकू आला. आम्ही वळसा घालून गेलो तर सगळे तिथे. जुने विद्यार्थी, निवृत्त झालेले प्राचार्य, कोर्टासमोरचे वकील, पांढरी टोपी घातलेले रज्जाकचाचा. जो येत होता तो फोटोला हात जोडून सरळ मागे येत होता. चुलीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. नळदुर्गहून आणलेला आचारी, ज्याने सरांना कधी पाहिलं नव्हतं, तो झारा हातात धरून रडकुंडीला आला होता. "आवो, सकाळधरनं समदे येऊन इचारायलेत, जेवलात का, जेवलात का! जरा बाजूला व्हा, म्हंजी सैपाक व्हईल, मग जेवीन की म्या!"

सगळे हसले, आणि हसताना पुष्कळांनी डोळे पुसले. मीही त्या आचाऱ्याकडेच निघाले होते. तेवढ्यात मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी, तांदळाच्या पोत्याला टेकून बसलेल्या काकू दिसल्या. कुणाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. मी जवळ गेले, खाली बसले.

"काकू, जेवलात का?"

त्यांनी मान वर केली. मग एकदम हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा कधी रडवेला झाला ते कळलं नाही. "न्हाय गं बाई," त्या म्हणाल्या. "बघ की, तुमच्या सरांची समदी शिष्यं. एकजात आचाऱ्याला इचारायलीत." पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "हे तुला त्यांनी तर शिकवलं नसणार. त्यांना ते कधी जमलंच न्हाय."

मी ताट वाढून आणलं. चाचांनी तांब्या भरून ठेवला. आई शेजारी बसून त्यांच्या ताटात तूप वाढत राहिली, आणि काकू पहिला घास घेण्याआधी म्हणाल्या, "भात कमी कर थोडा." पुढे मांडवात हार घातलेला सरांचा फोटो नवरदेवासारखा एकटाच बसला होता, आणि त्याच्याकडे बघायला आमच्यापैकी कुणालाच सवड नव्हती.